श्वास मोजू या



भित्तिपत्रकासमोर उभे राहून हा लेख वाचून होईपर्यंत तुमचे दोनशेच्या वर श्वास होतील. पण त्यातला एकही तुमच्या ध्यानात येणार नाही. आपण झोपलो तरी श्वास चालूच असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

या लेखात मी दोन गोष्टी सांगणार आहे. पहिली, नाकातून आत गेलेल्या हवेचे पुढे काय होते. दुसरी, एखाद्याला श्वासाचा त्रास आहे की नाही हे कसे ओळखतात. दुसऱ्या गोष्टीला थोडे गणित लागते, पण ते साठपर्यंत मोजण्याएवढेच आहे. आपल्या शाळेतल्या दुसरीच्या मुलांनाही ते जमेल.

हवा आत कशी जाते?

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. भाता उघडला की हवा आत शिरते आणि दाबला की बाहेर पडते. आपली छाती अशीच चालते. छातीच्या खाली आणि पोटाच्या वर एक स्नायूचा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना हा पडदा खाली जातो आणि बरगड्या वर व बाहेर सरकतात. छातीत जागा वाढते, म्हणून हवा आत येते. मग पडदा वर येतो, बरगड्या खाली येतात आणि हवा बाहेर जाते. फुप्फुसे आपण होऊन फुगत नाहीत. त्यांना हा पडदा आणि बरगड्याच चालवतात. पोटावर हात ठेवून बघा, लगेच कळेल.

नाकात हवा गाळली जाते, कोमट होते आणि ओलसर होते. तोंडाने श्वास घेतला तर ही सगळी कामे नीट होत नाहीत. म्हणून गुरुजी प्रार्थनेच्या वेळी सांगतात, "तोंड मिटा, नाकाने श्वास घ्या."

नाकातून हवा श्वासनलिकेत जाते. गळ्याच्या पुढच्या बाजूला बोट फिरवले की तिच्या कडक कड्या हाताला लागतात. पुढे तिला दोन फाटे फुटतात, एक उजव्या फुप्फुसात आणि एक डाव्या फुप्फुसात. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात आणि डाव्याचे दोन, कारण डाव्या बाजूला हृदयाला जागा द्यावी लागते. त्या फाट्यांना पुन्हा फाटे, त्यांना पुन्हा फाटे, असे सुमारे तेवीस वेळा होते. एखादे झाड उलटे टांगल्यासारखे ते दिसते. झाडाच्या फांद्यांना शेवटी पाने असतात, तसे या नळ्यांच्या शेवटी बारीक फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात.

मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा लागेल. आम्ही टेपने आमचा वर्ग मोजला. तो २० फूट लांब आणि १८ फूट रुंद भरला, म्हणजे ३६० चौरस फूट. ७० चौरस मीटर म्हणजे साधारण ७५० चौरस फूट. असे दोन वर्ग भरतील आणि थोडे उरेलच. एवढे सगळे एका छातीत घडी करून ठेवलेले आहे!

देवाणघेवाण कुठे होते?

वायुकोशांभोवती केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक फारच पातळ पडदा असतो. वहीच्या कागदाचे जाडीत शंभर पापुद्रे केले, तर एक पापुद्रा जेवढा पातळ होईल तेवढा तो असतो. देवाणघेवाण इथेच होते.

वर्गाच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्या वेळाने वास दुसऱ्या कोपऱ्यात येतो. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे वायू आपोआप जातो. आत आलेल्या ताज्या हवेत प्राणवायू जास्त असतो आणि रक्तात कमी असतो. म्हणून प्राणवायू हवेतून रक्तात जातो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वायू जास्त असतो आणि हवेत अगदी थोडा असतो. म्हणून तो रक्तातून हवेत येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. रक्ताला इथून पुढे सरकायला एक सेकंदही लागत नाही, तेवढ्यात हे सगळे उरकते.

प्राणवायू वाहून नेण्याचे काम तांबड्या पेशी करतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याच्यात लोह असते. लोह कमी पडले तर हिमोग्लोबिन कमी होते आणि माणसाला जरा चढ चढला तरी दम लागतो. आपल्याला शाळेत लोहाच्या गोळ्या देतात, त्या यासाठीच. कोणी त्या खिडकीतून टाकून देऊ नयेत.

प्राणवायू घेऊन रक्त हृदयाकडे जाते आणि तिथून सगळ्या शरीरात जाते. अन्नातून शक्ती तयार करायला प्राणवायू लागतो. शक्ती तयार होताना कार्बन डायऑक्साइड होतो. चुलीत लाकूड जळते तेव्हाही प्राणवायू लागतो आणि हाच वायू तयार होतो. शरीरात मात्र ज्वाळा नसते, काम हळूहळू होते.

नाकातून आत जाणाऱ्या हवेच्या १०० भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. बाहेर येणाऱ्या हवेत तो सुमारे १६ भाग उरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र आत जाताना एका भागाच्याही कितीतरी कमी असतो आणि बाहेर येताना ४ भाग असतो. आम्ही याचा प्रयोग केला. पाण्यात खायचा चुना ढवळून रात्रभर ठेवला. सकाळी वरचे स्वच्छ पाणी दोन पेल्यांत घेतले. त्याला चुन्याची निवळी म्हणतात. एका पेल्यात पपईच्या देठाच्या नळीने हळूहळू फुंकर घातली. निवळी दुधासारखी पांढरी झाली. दुसऱ्या पेल्यात सायकलच्या पंपाने तेवढाच वेळ हवा सोडली. ती तशीच राहिली. म्हणजे आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. (हा प्रयोग गुरुजींसमोरच करावा. निवळी तोंडात ओढू नये आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये.)

आता थोडे गणित

मोठा माणूस शांत बसला असेल तर मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. आपण १५ धरू. एका तासात ९००, आणि २४ तासांत २१,६००. एका श्वासात सुमारे अर्धा लीटर हवा आत जाते. म्हणजे दिवसाला १०,८०० लीटर. आमच्या विहिरीवरची बादली १५ लीटरची आहे. तशा ७२० बादल्या हवा एका दिवसात!

आपल्याएवढ्या मुलांचे श्वास बसलेले असताना साधारण १८ ते २५ असतात. लहान बाळाचे त्याहून जास्त असतात. त्याची फुप्फुसे लहान असतात आणि शरीर भराभर वाढत असते. म्हणून बाळाचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो, त्यात काही बिघडलेले नसते. पण त्यालाही एक हद्द आहे, ती पुढे सांगते.

मैदानाला दोन फेऱ्या मारल्या की आपल्यालाही धाप लागते. पायांना जास्त प्राणवायू हवा असतो, म्हणून मेंदू श्वास वाढवतो. बसलो की थोड्या वेळाने धाप जाते. काही न करता, नुसते पडून राहिले तरी श्वास भरभर चालत असेल, तर मात्र काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

काय बिघडते?

न्यूमोनियात जंतूंमुळे काही वायुकोशांमध्ये हवेच्या जागी पाणी आणि पू भरतो. तिथे देवाणघेवाण होत नाही. फुप्फुस कडक होते. मग राहिलेल्या वायुकोशांवर सगळे काम पडते आणि श्वास भरभर चालतो.

दम्यात वायुकोश भरत नाहीत, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या बारीक नळ्या आतून सुजतात आणि आखडतात. हवा आत जाते पण बाहेर पडायला जड जाते. म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा सूं सूं आवाज येतो.

डॉक्टर कसे ओळखतात?

डॉक्टर आधी नुसते बघतात. माणूस एका दमात पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांनी थांबतो? ओठ निळसर आहेत का? श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखालची छाती आत ओढली जाते का? नेहमी श्वास घेताना छाती वर येते. खालची छाती आत खड्डा पडल्यासारखी जात असेल तर ते मोठे लक्षण आहे.

मग ऐकतात. १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीवर ठेवली आणि कान लावला. आवाज चांगला ऐकू आला. त्यातूनच स्टेथोस्कोप निघाला. वहीच्या मधल्या जोडपानाची सुरळी करून मित्राच्या पाठीवर ठेवा, तुम्हालाही ऐकू येईल.

बोटाला चिमट्यासारखे लावायचे एक यंत्र असते. त्याला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास त्यामागची युक्ती शोधली. या यंत्रातून तांबडा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून जातो. प्राणवायू घेतलेले रक्त लालभडक असते आणि न घेतलेले काळपट लाल असते. कोणता प्रकाश किती अडला यावरून यंत्र आकडा दाखवते. ९५ ते १०० आला तर चांगला. ९० च्या खाली गेला तर प्राणवायू लावावा लागतो. २०२० साली करोना आला तेव्हा हे यंत्र गावोगावी पोचले. तेव्हा काही माणसांचा आकडा खाली गेला तरी त्यांना धाप जाणवत नव्हती, ते यंत्रामुळेच कळले. पण बोट गार असेल, हात हलत असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो.

दम्याच्या माणसाला डॉक्टर एका नळीत जोराने फुंकायला लावतात. काटा किती पुढे सरकतो ते तीन वेळा बघतात आणि सर्वांत मोठा आकडा धरतात. मोठ्या दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढतात. फार आजारी माणसाच्या मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात.

बिनयंत्राची तपासणी

आता महत्त्वाचे. बाळाला खोकला किंवा सर्दी असेल तर श्वास मोजण्याला घड्याळाशिवाय काही लागत नाही. पुढील तक्ता आशाताईंनी सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेने हेच आकडे ठरवले आहेत.

दोन महिन्यांच्या आतले बाळ : मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद.
२ महिने ते १२ महिन्यांच्या आत : ५० किंवा जास्त म्हणजे जलद.
१ वर्ष ते ५ वर्षांच्या आत : ४० किंवा जास्त म्हणजे जलद.

मोजायचे कसे? बाळ शांत हवे. रडत असेल किंवा पीत असेल तर थांबावे. झबले वर करावे आणि पोटाकडे बघावे. पोट वर आले की एक. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण बाळाचा श्वास कधी भरभर चालतो तर कधी हळू. एकाने घड्याळ बघावे आणि दुसऱ्याने मोजावे. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावे.

आपल्या महाराष्ट्रातच, गडचिरोली जिल्ह्यात, हे काम कसे झाले ते गुरुजींनी सांगितले. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली. १९८८ पासून त्यांनी गावातल्या माणसांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. काही दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी पाटीवरच्या मण्यांसारखे एक साधन केले. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी होती. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. त्या गावांत न्यूमोनियाने मरणाऱ्या मुलांचे प्रमाण बाकीच्या गावांच्या मानाने निम्म्याहून कमी झाले. १९९० साली ही माहिती 'लॅन्सेट' या इंग्रजी साप्ताहिकात छापून आली.

शाळेत न गेलेल्या आज्यांनी दहा-दहा मोजून मुले वाचवली. आपण तर पाढे म्हणतो!

आमच्या घरीही याचा उपयोग झाला. गेल्या थंडीत माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. त्याला खोकला झाला. आजी म्हणाली, "थंडीचं आहे. तेल चोळ छातीला, उतरंल." खोकला फार नव्हता, तापही थोडाच होता, दूधही पीत होता. म्हणून कोणाला काही वाटले नाही. तेवढ्यात आशाताई आल्या. बाळ झोपले होते. त्यांनी झबले वर केले आणि मला घड्याळ धरायला सांगितले. ५६ भरले. पुन्हा मोजले, ५५ भरले. त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, आत्ताच निघा. खोकला ऐकून कळत नाही, मोजून कळतं."

काकांच्या गाडीवरून आई आणि बाळ प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरांनी तपासून न्यूमोनिया सांगितला. पाच दिवसांचे औषध दिले आणि दोन दिवसांनी परत दाखवायला सांगितले. तिसऱ्या दिवशी मी मोजले तर ३८ भरले. आजीने मला विचारले, "कितीच्या आत पायजे म्हणालीस?" मी म्हटले, "पन्नासच्या आत, आजी." आता आळीत कुणाचे लेकरू खोकले की आजीच सांगते, "आधी श्वास मोजा."

काय करावे, काय करू नये

१. श्वास जलद भरला तर त्याच दिवशी आशाताईंना, उपकेंद्रातल्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना दाखवावे.
२. छाती आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, बाळ काहीच न पिणे, झटके येणे किंवा बाळ जागे न होणे यांपैकी काही दिसले तर थांबू नये. १०८ नंबर लावावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास नुसता जलद असला तरी लगेच दवाखान्यात न्यावे.
३. पोटावर डाग देऊ नये. काही भागांत असे करतात. त्याने वायुकोशातला पू जात नाही आणि बाळ मात्र भाजते.
४. मागच्या वेळचे उरलेले औषध देऊ नये.
५. पाळणा चुलीच्या धुरात बांधू नये. धुराने बाळाला न्यूमोनिया व्हायची भीती वाढते. घरात विडीसुद्धा ओढू नये.
६. न्यूमोनियाची लस दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती चुकवू नये.

आपण मुलांनी फक्त मोजायचे आणि मोठ्यांना सांगायचे. औषध द्यायचे काम आपले नाही. पण मोजायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

सोडवा पाहू!

(१) सखूचे बाळ ३ महिन्यांचे आहे. श्वास ५२ भरले.
(२) रामूचा भाऊ २ वर्षांचा आहे. श्वास ३६ भरले, पण खालची छाती आत ओढली जाते.
(३) एक बाळ १५ दिवसांचे आहे. श्वास ५४ भरले. चांगले दूध पिते.
(४) गंगूची बहीण ३ वर्षांची आहे. श्वास ४४ भरले.

कोणाला दवाखान्यात न्यायचे? आधी मनाशी ठरवा, मग खाली बघा.

उत्तरे : (१) न्यायचे, कारण ५० च्या वर आहे. (२) ताबडतोब न्यायचे. आकडा कमी असला तरी छाती आत जाणे हे धोक्याचे आहे. (३) श्वास जलद नाही, ६० च्या आत आहे. लक्ष ठेवायचे. (४) न्यायचे, कारण ४० च्या वर आहे.

चारही बरोबर आली तर तुम्हाला श्वास मोजता येतो. आज घरी जाऊन घरातल्या सर्वांत लहान बाळाचे श्वास ते झोपले असताना मोजा आणि वहीत लिहून ठेवा. ते बरे असतानाचा आकडा माहीत असला, तर आजारी पडल्यावर फरक लगेच कळेल.

— इयत्ता ४ थी